काडीकचऱ्याचा कोळसा, प्रदूषणावर उतारा

कापसाची शेवटची वेचणी आटोपली की विदर्भ-मराठवाड्याच्या शेतांत नुसती पऱ्हाटी उभी राहते. थोडी चुलीसाठी घरी येते, थोडी कुंपणाला लागते, थोडी धुऱ्यावर रचली जाते आणि उरलेल्या ढिगांना पुढच्या हंगामापूर्वी काडी लावली जाते. पश्चिम महाराष्ट्रात ऊस कारखान्याला गेल्यानंतर मागे राहिलेल्या पाचटाची हीच गत होते. पंजाब-हरियाणात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भाताचा पेंढा पेटवला जातो. त्याचा धूर दिल्लीपर्यंत पोहोचतो, तेव्हा हा विषय देशभर चर्चेला येतो.

ज्या काडीकचऱ्याच्या धुराने हवा बिघडते, त्याच काडीकचऱ्यापासून पाणी, माती आणि हवा स्वच्छ करणारा कोळसा तयार करता येतो, हे विज्ञानाला बऱ्याच काळापासून ठाऊक आहे. त्याचे दोन प्रमुख प्रकार आहेत. पहिला बायोचार म्हणजे जैव कोळसा आणि दुसरा त्याहून अधिक प्रक्रिया केलेला सक्रिय कार्बन. रंगकारखान्यांचे सांडपाणी, कीटकनाशकांचे अंश, शिसे व कॅडमियमसारखे जड धातू, पिण्याच्या पाण्यातील दुर्गंध अशा अनेक दुखण्यांवर तो वापरता येतो. मात्र प्रत्येक कोळसा प्रत्येक विषावर चालत नाही. कोळसा तयार करतानाच प्रदूषण होऊ शकते आणि वापरून झालेला कोळसा हाही एक कचराच असतो. या तिन्ही गोष्टींचा हिशेब ठेवला, तरच हा उतारा लागू पडतो.

जाळणे आणि भाजणे

राष्ट्रीय पीक अवशेष व्यवस्थापन धोरणात (२०१४) देशात वर्षाला सुमारे ५० कोटी टन पीक अवशेष निर्माण होतात, असा अंदाज दिलेला आहे. त्यांतील बराच भाग वैरण, इंधन व शाकारणीसाठी उपयोगी पडतो. त्यानंतर सुमारे १४ कोटी टन शिल्लक राहतात आणि त्यांतील सुमारे ९.२ कोटी टन शेतातच जाळले जातात, असे हे धोरण सांगते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली व लगतच्या राज्यांत अवशेष जाळण्यास मनाई केली. तरीही प्रश्न सुटला नाही, कारण पेंढा हटवून पुढची पेरणी वेळेत करण्याचा स्वस्त मार्ग शेतकऱ्याच्या हाती नव्हता.

एक टन भाताचा पेंढा उघड्यावर जाळला तर सर्वसाधारणपणे ३ किलो सूक्ष्म कण, ६० किलो कार्बन मोनॉक्साइड आणि सुमारे १४६० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो व जवळजवळ २०० किलो राख मागे उरते, असे गणित मांडले जाते. त्याबरोबर नत्र, स्फुरद, पालाश आणि गंधक यांचेही नुकसान होते. म्हणजे शेतकऱ्याने विकत घेऊन घातलेल्या खताचाही काही अंश धुरावाटे निघून जातो.

हाच पेंढा बंद भट्टीत, हवा अगदी कमी ठेवून, ३०० ते ७०० अंश सेल्सियसपर्यंत तापवला तर तो पेटून राख होत नाही. त्यातील पाणी व बाष्पशील द्रव्ये निघून जातात आणि कार्बनचा सांगाडा शिल्लक राहतो. या प्रक्रियेस तापविघटन किंवा पायरोलिसिस म्हणतात. संथ तापविघटनात कोरड्या काडीकचऱ्याच्या वजनाच्या साधारण चौथा ते तिसरा हिस्सा कोळसा मिळतो. बाकीचे ज्वलनशील वायू आणि डांबरासारखे तेल या रूपात बाहेर पडते. हा वायू भट्टी तापवण्यासाठी वापरता येतो. चांगल्या भट्टीची पहिली खूण म्हणजे तिच्या धुराड्यातून पांढरा-पिवळा धूर निघत नाही, कारण तो धूर आतच जळून उष्णता देतो.

कोळसा मातीत घालण्याची कल्पना नवी नाही. ॲमेझॉनच्या खोऱ्यात ‘टेरा प्रेटा’ नावाने ओळखली जाणारी काळी, सुपीक माती आढळते. तेथील मूळ रहिवाशांनी शेकडो, काही ठिकाणी हजारो वर्षांपूर्वी कोळसा, हाडे व घरगुती कचरा मिसळून ती घडवली होती. डच मृदाशास्त्रज्ञ विम सोम्ब्रोक यांनी १९६६ मध्ये ॲमेझॉनच्या मातीवरील आपल्या ग्रंथात तिची नोंद घेतल्यानंतर या विषयाकडे आधुनिक संशोधकांचे लक्ष वेधले गेले. इतक्या काळानंतरही तो कोळसा मातीत टिकून आहे, हे बायोचारच्या टिकाऊपणाचे उत्तम उदाहरण मानले जाते.

एका ग्रॅममध्ये दहा गुंठे

कोळसा प्रदूषक पदार्थ ‘पितो’ असे म्हटले जाते, परंतु ते शब्दशः खरे नाही. स्पंज पाणी पितो तेव्हा पाणी त्याच्या आत सामावते. कोळशाच्या बाबतीत प्रदूषकाचे रेणू त्याच्या पृष्ठभागाला चिकटतात. या क्रियेला पृष्ठशोषण म्हणतात. म्हणून कोळशाची कार्यक्षमता त्याच्या वजनापेक्षा त्याच्या पृष्ठभागावर अवलंबून असते.

हा पृष्ठभाग कोळशातील असंख्य छिद्रांच्या भिंतींचा मिळून बनतो. बायोचारमध्ये ही छिद्रे असतातच, पण त्यांतील बरीच डांबरी द्रव्यांनी बुजलेली असतात. ती मोकळी करून नवी छिद्रे पाडण्याच्या प्रक्रियेला सक्रियन म्हणतात. त्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात ८०० ते १००० अंश तापमानाला कोळशावरून पाण्याची वाफ किंवा कार्बन डायऑक्साइड सोडला जातो. तो कार्बनचा काही भाग खाऊन टाकतो आणि मागे छिद्रांचे जाळे उरते. दुसऱ्यात कच्चा माल फॉस्फोरिक आम्ल, झिंक क्लोराइड किंवा पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये भिजवून तापवला जातो व नंतर रसायन धुऊन काढले जाते.

अशा रीतीने तयार झालेल्या सक्रिय कार्बनच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग ५०० ते १५०० चौरस मीटर भरतो. शेतीच्या भाषेत सांगायचे तर चिमूटभर भुकटीत सुमारे दहा गुंठे जागा दडलेली असते.

ही जागा सगळीकडे सारखी नसते. नारळाच्या करवंटीपासून केलेल्या कार्बनमध्ये दोन नॅनोमीटरहून लहान छिद्रांचे प्रमाण मोठे असते. त्यामुळे वायू, पाण्यातील क्लोरीन व लहान रेणू पकडण्यास तो उत्तम. शिवाय तो कठीण असल्याने दाणे लवकर झिजत नाहीत. लाकडासारख्या मऊ कच्च्या मालापासून मोठ्या छिद्रांचा कार्बन मिळतो. काकवीतील तपकिरी रंग किंवा कापडाच्या रंगाचे मोठे रेणू अडवायला तो बरा पडतो. कच्चा माल कोणता आणि भट्टी कशी चालवली, यांवर कोळशाचा स्वभाव ठरतो.

साखर कारखान्यापासून रणभूमीपर्यंत

कोळसा वायू शोषतो, याचे मोजमाप स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ कार्ल शेले यांनी १७७३ मध्ये केले. त्यानंतर १७८५ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथील औषधनिर्माते टोबियास लोविट्झ यांच्या लक्षात आले की कोळशाने द्रावणातील रंग निघून जातो. या गुणाचा पहिला मोठा ग्राहक साखरधंदा ठरला. इंग्लंडमध्ये १७९४ च्या सुमारास साखरेचा रस पांढरा करण्यासाठी लाकडी कोळसा वापरला जाऊ लागला. पुढे त्या जागी हाडांचा कोळसा आला. आज ज्याला सक्रिय कार्बन म्हणतात, त्याच्या निर्मितीची पेटंटे राफाएल फॉन ओस्ट्रेको यांनी १९००-१९०१ मध्ये घेतली.

पहिल्या महायुद्धात त्याला वेगळेच महत्त्व आले. बेल्जियममधील ईप्र येथे २२ एप्रिल १९१५ रोजी जर्मन सैन्याने क्लोरीन वायूचा मारा केला. त्याच वर्षी रशियात निकोलाय झेलिन्स्की यांनी सक्रिय कोळशाचा मुखवटा तयार केला. अमेरिकेत युद्धाच्या अखेरच्या काळात नागरिकांकडून पीचच्या बिया आणि नारळाच्या करवंट्या गोळा करण्याची मोहीम चालवण्यात आली, कारण मुखवट्यांसाठी लागणारा कठीण कोळसा त्यांपासून मिळत असे. फेकून द्यायच्या वस्तूंतून प्राण वाचवणारा पदार्थ करण्याचे हे मोठ्या प्रमाणावरील पहिले उदाहरण होय.

पुण्यातील तुसाच्या राखेचा प्रयोग

महाराष्ट्रातही या विषयातील एक महत्त्वाचा प्रयोग झाला. पुण्यातील टाटा संशोधन विकास व संरचना केंद्र ही संस्था १९८१ मध्ये स्थापन झाली. तेथील संशोधकांनी भाताच्या तुसाच्या राखेपासून घरगुती जलशुद्धीकरणाचे साधन विकसित केले. भाताच्या वजनाच्या सुमारे पाचवा हिस्सा तूस असते आणि तूस जाळल्यावर त्याच्या वजनाच्या सुमारे पाचवा हिस्सा राख उरते. या राखेत सिलिका फार मोठ्या प्रमाणात असते आणि नियंत्रित तापमानाला जाळल्यास ती सच्छिद्र राहते. भातगिरण्यांच्या आवारात तिचे ढीग पडलेले असत. ही राख आणि सिमेंट यांच्या थरातून पाणी गाळणाऱ्या साधनास ‘सुजल’ असे नाव देण्यात आले.

‘सुजल’ स्वस्त होते, त्याला वीज लागत नव्हती आणि गढूळपणा व जीवाणूंचे प्रमाण त्यामुळे बरेच कमी होत असे. तथापि पिण्याच्या पाण्यात ‘बरेच कमी’ पुरेसे नसते. पुढील टप्प्यात राखेवर चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचा लेप देण्यात आला आणि डिसेंबर २००९ मध्ये टाटा केमिकल्सने ‘टाटा स्वच्छ’ हे यंत्र बाजारात आणले. त्या वेळी त्याची किंमत ७४९ व ९९९ रुपये होती. त्यातील गाळणीचा संच ३००० लिटर पाण्यासाठी होता आणि क्षमता संपल्यावर पाण्याचा प्रवाह आपोआप थांबण्याची सोय त्यात केलेली होती.

तुसाची राख म्हणजे बायोचार नव्हे. बायोचारमध्ये कार्बन टिकवून ठेवलेला असतो, तर राखेत मुख्यत्वे सिलिका उरते. तरीही या प्रयोगाने दोन धडे दिले. फुकटच्या कच्च्या मालाला भरवशाचे साधन बनवायला पुढे बरेच संशोधन, चाचण्या आणि खर्च लागतो. तसेच गाळणी कधी थकली हे वापरणाऱ्याला कळले पाहिजे. कोळशाच्या प्रत्येक गाळणीला हा दुसरा नियम लागू आहे.

कोणत्या विषावर कोणता कोळसा

सक्रिय कार्बनचा खरा हातखंडा सेंद्रिय पदार्थांवर आहे. कीटकनाशके, फिनॉल, द्रावकांची वाफ, कापडाचे रंग, पाण्याचा वास व चव बिघडवणारी द्रव्ये आणि मोकळा क्लोरीन यांवर तो चांगला चालतो. घरातील आरओ यंत्रात पडद्याच्या आधी कार्बनची गाळणी असते, ती क्लोरीनने पडदा खराब होऊ नये म्हणून. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने एप्रिल २०२४ मध्ये ‘चिरंतन रसायने’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पीएफएएस गटातील काही संयुगांसाठी पिण्याच्या पाण्याची मर्यादा ठरवली, तेव्हा ती काढण्याच्या मान्य पद्धतींत दाणेदार सक्रिय कार्बनचा समावेश केला.

जड धातूंची गोष्ट निराळी आहे. तेथे नुसता पृष्ठभाग कामाचा नसतो. शिसे, कॅडमियम, तांबे यांचे धनभारित आयन पकडायला ऑक्सिजनयुक्त गट, फॉस्फेट, कार्बोनेट व क्षार उपयोगी पडतात. साध्या बायोचारमध्ये ते असतात. त्यामुळे धातूंच्या बाबतीत कधीकधी स्वस्त बायोचार महागड्या सक्रिय कार्बनपेक्षा सरस ठरतो. चामडे कमावण्याच्या व विद्युत्-मुलाम्याच्या उद्योगांतून येणारे षट्संयुजी क्रोमियम अत्यंत विषारी असते. बायोचारच्या संपर्कात त्याचा काही भाग तुलनेने कमी विषारी त्रिसंयुजी रूपात बदलतो, हेही अनेक प्रयोगांत दिसून आले आहे.

आर्सेनिकच्या बाबतीत मात्र हाच उपाय उलटू शकतो. साधा बायोचार अल्कधर्मी असतो. तो मातीत घातल्यावर मातीचा सामू वाढतो. त्यामुळे कॅडमियम व शिसे जागच्या जागी बसतात, पण आर्सेनिक सुटून पाण्यात उतरण्याची शक्यता वाढते. त्यासाठी लोहाचा लेप दिलेला बायोचार लागतो. गंगेच्या खोऱ्यातील आर्सेनिकग्रस्त भागांत विचार न करता बायोचार टाकणे म्हणूनच धोक्याचे आहे.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील अनेक गावांना भूजलातील फ्लोराइडचा त्रास आहे. त्यावर काडीकचऱ्याचा साधा कोळसा उपयोगाचा नाही. फ्लोराइडसाठी सक्रिय ॲल्युमिना, हाडांचा कोळसा किंवा नागपूरच्या ‘नीरी’ने विकसित केलेली तुरटी व चुन्याची ‘नालगोंडा पद्धत’ असे वेगळे उपाय आहेत. नायट्रेट, पाण्याचा जडपणा आणि खारेपणा यांवरही साधा कार्बन निष्प्रभ ठरतो. तो जंतुनाशकही नाही. उलट क्लोरीन काढून टाकल्यामुळे जुन्या गाळणीत जीवाणूंची वाढ होऊ शकते.

शेतातही दुहेरी परिणाम दिसतो. बायोचार कीटकनाशकांचे अंश धरून ठेवतो, त्यामुळे ते पिकात व विहिरीत कमी उतरतात. पण त्याच कारणाने मातीत दिलेल्या तणनाशकाचाही प्रभाव कमी होऊ शकतो.

प्रयोगशाळेतील निळे पाणी

भारतातील विद्यापीठांतून शेंगदाण्याची टरफले, बाभळीची साल, चिंचोके, केळीचे खुंट, मक्याची कणसे, उसाचे चिपाड अशा असंख्य वस्तूंपासून कोळसा करून त्याची परीक्षा घेणारे शोधनिबंध प्रसिद्ध होत आले आहेत. त्यांतील फार मोठ्या भागात परीक्षेचा पदार्थ मिथिलिन ब्लू हा निळा रंग असतो. तो स्वस्त आहे, मोजायला सोपा आहे आणि कोळशाला चटकन चिकटतो. शुद्ध पाण्यात एकच रंग मिसळून केलेल्या अशा प्रयोगांचे निष्कर्ष बहुतेक वेळा उत्साहवर्धक असतात.

इचलकरंजी किंवा सोलापूरच्या रंगप्रक्रिया उद्योगांचे सांडपाणी मात्र असे सरळ नसते. त्यात एकाच वेळी अनेक रंग, भरपूर मीठ, सोडा, खळ, साबण व तेलाचे अंश असतात. पाण्याचे तापमान व सामू तासागणिक बदलतो. कोळशावरील जागेसाठी या सर्व पदार्थांत स्पर्धा लागते आणि प्रयोगशाळेत मिळालेली क्षमता प्रत्यक्षात बरीच खाली येते. शिवाय भुकटी रूपातील कोळसा पाण्यात सोडला की तो पुन्हा गाळून काढावा लागतो आणि त्याचा गाळ वाढतो. त्यामुळे सांडपाणी प्रकल्पात कार्बन बहुधा शेवटच्या टप्प्यात, जैविक व रासायनिक प्रक्रियेनंतर उरलेला रंग काढण्यासाठी वापरला जातो. पहिल्याच टप्प्यावर त्याचा मारा केल्यास खर्च परवडत नाही.

म्हणून एखाद्या नव्या कोळशाबद्दल वाचताना तो कोणत्या पाण्यावर तपासला, किती दिवस सलग चालला आणि किती वेळा पुन्हा वापरता आला, हे तीन प्रश्न विचारणे इष्ट. सक्रिय कार्बनच्या तपासणीसाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस ८७७ हे मानक उपलब्ध आहे. बाजारात कार्बनची प्रत मुख्यतः आयोडीन अंकावरून ठरते. एक ग्रॅम कार्बन किती मिलिग्रॅम आयोडीन धरून ठेवतो, ते हा अंक सांगतो.

कचरा खरेच कचरा आहे काय?

काडीकचरा फुकट मिळतो, असे शहरात बसून वाटते. शेतात परिस्थिती वेगळी आहे. ज्वारीचा कडबा ही वैरण आहे, कचरा नव्हे. उसाचे चिपाड साखर कारखान्यांच्या बॉयलरला आणि सहवीजनिर्मितीला लागते. तुराट्या ग्रामीण भागात अजूनही चुलीत जळतात. सोयाबीनचे कुटार जनावरांना घातले जाते. या वस्तूंवर भट्टीने हक्क सांगितला तर वैरण आणि सरपण महाग होईल.

खऱ्या अर्थाने शिल्लक राहते ती प्रामुख्याने पऱ्हाटी, उसाचे पाचट आणि यंत्राने कापणी केलेल्या भाताचा पेंढा. महाराष्ट्रात कापसाखाली सुमारे ४० लाख हेक्टर क्षेत्र असते आणि हेक्टरी साधारण दोन ते तीन टन पऱ्हाटी मिळते. ती वेळेत हलवण्याला आणखी एक कारण आहे. गुलाबी बोंडअळी पऱ्हाटीवरील किडक्या बोंडांत तग धरून राहते. २०१७ च्या हंगामात या अळीने विदर्भ-मराठवाड्यात मोठे नुकसान केले. तेव्हापासून फरदड घेऊ नका, पऱ्हाटी शेतात किंवा बांधावर साठवू नका, असे कृषी विभाग सातत्याने सांगत आला आहे. पण उपटलेल्या पऱ्हाटीचे करायचे काय, हा प्रश्न उरतोच. मुंबईतील केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीपासून फळ्या व कांडी कोळसा करण्यावर काम केले आहे. हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने तेलाच्या पिंपापासून केलेली सोपी बायोचार भट्टी विकसित केली आहे. पऱ्हाटी व तुराट्या यांवर तिच्या चाचण्याही झालेल्या आहेत.

अडचण आहे ती वाहतुकीची. पऱ्हाटी वजनाला हलकी पण आकाराने अवाढव्य असते. ट्रॉली भरते, पण वजन भरत नाही. दूरच्या कारखान्यात ती नेणे म्हणजे बव्हंशी हवाच वाहून नेण्यासारखे आहे. त्यामुळे गावपातळीवर लहान भट्ट्यांत कोळसा करून केवळ कोळसा पुढे पाठवणे, हा व्यवहार्य मार्ग मानला जातो. बायोचार गावात आणि सक्रियन कारखान्यात, अशी विभागणी केल्यास दोन्ही ठिकाणी कौशल्याचा योग्य उपयोग होतो.

अलीकडे या हिशेबात कार्बन श्रेयांची भर पडली आहे. काडीकचऱ्यातील साधारण निम्मा कार्बन बायोचारमध्ये टिकतो आणि तो मातीत दीर्घकाळ राहतो. तेवढा कार्बन डायऑक्साइड वातावरणात परत जात नाही, म्हणून त्याचे श्रेय विकता येते. जानेवारी २०२५ मध्ये गूगलने ‘वराह’ या भारतीय कंपनीशी २०३० पर्यंत एक लाख टनांची अशी श्रेये घेण्याचा करार जाहीर केला. ही श्रेये शेतीतील टाकाऊ मालापासून केलेल्या बायोचारवर आधारलेली आहेत. या पैशातून पऱ्हाटी उपटण्याची व वाहण्याची मजुरी निघाली, तर ती पेटवण्याची गरज राहणार नाही. त्यातील किती वाटा बांधावर पोहोचतो, यावर योजनेचे यश अवलंबून राहील.

येथे एक भेद लक्षात घ्यावा लागतो. मातीत घातलेल्या कोळशाचे श्रेय मिळते. विषारी सांडपाणी गाळलेला कोळसा मात्र शेतात टाकता येत नाही. एकाच कोळशाकडून दोन्ही कामांची अपेक्षा धरणे चुकीचे आहे.

कोळसा करतानाचा धूर

करवंटीचा कोळसा पारंपरिक पद्धतीने खड्ड्यात केला जातो. खड्ड्यात करवंट्या पेटवून वरून झाकण टाकतात. साधारण तीन ते चार टन करवंटीतून एक टन कोळसा मिळतो. या खड्ड्यांतून निघणाऱ्या धुरात कार्बन मोनॉक्साइड, मिथेन व डांबरी वाफा असतात आणि तो आजूबाजूच्या वस्तीवर पसरतो. तमिळनाडू, केरळ, श्रीलंका, इंडोनेशिया आणि फिलिपिन्स येथे या धंद्याची मोठी केंद्रे आहेत. शहरातील जलशुद्धीकरण यंत्रात बसलेल्या स्वच्छ काळ्या दाण्यांचा प्रवास पुष्कळदा अशा धुरातून सुरू होतो. वायू आतच जाळणाऱ्या बंद भट्ट्या हा त्यावरील उपाय आहे, मात्र त्यासाठी भांडवल लागते.

अर्धवट भाजलेल्या कोळशात बहुचक्रीय ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन राहू शकतात. त्यांतील काही कर्करोगजनक आहेत. प्लास्टिक, रंगवलेले लाकूड किंवा शहरी कचरा भट्टीत गेला, तर कोळशातच जड धातू येतात. युरोपात २०१२ पासून बायोचारसाठी प्रमाणपत्राची व्यवस्था असून तीत अशा घटकांच्या मर्यादा घालून दिलेल्या आहेत. पाण्यासाठी किंवा मातीसाठी कोळसा विकत घेताना त्याचा चाचणी अहवाल मागणे म्हणूनच आवश्यक आहे. चुलीतला किंवा लोहाराच्या भट्टीतला कोळसा कुटून पिण्याच्या पाण्यात टाकणे हा सुरक्षित पर्याय नव्हे.

वापरलेल्या कोळशाचे काय?

कोळसा प्रदूषक नष्ट करत नाही, तो त्याला पाण्यातून उचलून स्वतःवर घेतो. जागा भरली की काम थांबते आणि काही वेळा आधी पकडलेली द्रव्ये सुटूही लागतात. सेंद्रिय पदार्थांनी भरलेला दाणेदार कार्बन ८०० अंशांच्या आसपास तापवून पुन्हा वापरता येतो. प्रत्येक फेरीत त्याचा काही भाग कमी होतो. भुकटी बहुधा पुन्हा वापरता येत नाही.

जड धातू किंवा विषारी रसायनांनी भरलेला कार्बन ‘घातक व इतर कचरा नियम, २०१६’ अन्वये घातक कचऱ्यात मोडतो. तो तळोजे, रांजणगाव, बुटीबोरी येथे असलेल्या घातक कचरा केंद्रांसारख्या ठिकाणीच जायला हवा. तो नाल्याकाठी टाकला तर पाण्यातून काढलेले विष पहिल्या पावसात पुन्हा पाण्यात जाते. सांडपाणी प्रकल्पाची तपासणी करताना किती कार्बन विकत घेतला आणि किती वापरलेला कार्बन केंद्रात जमा झाला, हे दोन आकडे ताडून पाहिले तरी बरेच काही उघड होऊ शकते.

घरातील गाळणीलाही हाच नियम लागू आहे. ठरलेली मुदत वा लिटरमर्यादा संपल्यावर कार्बनची नळी बदलायला हवी. पाणी स्वच्छ दिसते, चव बरी लागते, म्हणून ती वर्षानुवर्षे चालवणे योग्य नाही, कारण थकलेला कोळसा पाहून ओळखता येत नाही.

पऱ्हाटी, पाचट आणि पेंढा यांपासून होणाऱ्या कोळशात प्रदूषण आवरण्याची क्षमता निश्चित आहे. ती वाया जाण्याची कारणे बहुतांशी प्रयोगशाळेबाहेरची आहेत. उपटण्याची मजुरी, ट्रॉलीचे भाडे, भट्टीचा धूर, चाचणीचा खर्च आणि वापरलेल्या मालाची विल्हेवाट या पाच ठिकाणी व्यवस्था उभी राहिली, तर शेतकऱ्याला काडी लावण्याऐवजी पऱ्हाटी विकणे परवडेल. ती उभी राहीपर्यंत मार्च महिन्यात धुऱ्यावरचे ढीग पेटतच राहतील.